कूर्चा आणि हाड यांसाठी दुपदरी स्कॅफोल्ड : प्रयोगशाळेत तयार करण्याची पद्धत

गुडघ्यात हाडाच्या टोकावर कूर्चेचे जे गुळगुळीत अस्तर असते त्याची जाडी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, आणि ज्या थोड्या पेशी आहेत त्या आपापल्या कप्प्यात बंदिस्त आहेत. त्यामुळे या अस्तराला इजा झाली की ती भरून येत नाही, हे निरीक्षण विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते. त्याखालचे हाड मात्र रक्ताने समृद्ध असते आणि मोडले तरी सांधते. इजा कूर्चेतून खाली हाडापर्यंत गेली, तर एकाच खड्ड्यात दोन वेगळ्या स्वभावाच्या ऊती भरून काढाव्या लागतात. हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतले रक्त वर आणण्याच्या मायक्रोफ्रॅक्चर पद्धतीत जी ऊती तयार होते ती बहुतांशी तंतुमय असते आणि मूळ कूर्चेइतकी टिकत नाही. १९९४ मध्ये स्वीडनमधील ब्रिटबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून परत रोपण्याची पद्धत प्रसिद्ध केली; तिने कूर्चेचा प्रश्न बराच पुढे नेला, तरी हाडातला खोल खड्डा केवळ पेशींच्या थराने भरून निघत नाही. वरचा पदर कूर्चेसाठी आणि खालचा हाडासाठी अशी रचना असलेले दुपदरी स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना आत वाढता यावे म्हणून केलेला सच्छिद्र सांगाडा, याच कारणासाठी तयार केले जाते.

मुंबईतल्या महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान, जैववैद्यकीय अभियांत्रिकी किंवा पॉलिमर विषयाचा प्रकल्प करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून पुढील पद्धत लिहिली आहे. ती प्रयोगशाळेपुरती आहे. येथे तयार होणारा नमुना कोणाच्याही शरीरात वापरण्यासाठी नाही. बहुतेक प्रकल्पांत सगळा वेळ पदार्थांची निवड आणि वाढघटक, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने, यांवर खर्ची पडतो, आणि नमुना शेवटी फाटतो तो दोन पदरांच्या जोडावर. म्हणून या लेखात जोडाला आणि त्या जोडाचे भवितव्य ठरवणाऱ्या पाण्याला, म्हणजे गोठणाऱ्या, उडून जाणाऱ्या आणि मुंबईच्या हवेतून परत शिरणाऱ्या पाण्याला, जास्त जागा दिली आहे.

साहित्य

कायटोसान, जिलेटिन आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट हे तीन मुख्य पदार्थ पुरेसे आहेत. कायटोसानची साखळी कूर्चेतल्या शर्करायुक्त रेणूंशी काही अंशी साधर्म्य राखते. जिलेटिन हे कोलॅजेनपासूनच मिळते आणि पेशींना चिकटण्यासाठी लागणाऱ्या खुणा त्यात शिल्लक असतात. हायड्रॉक्सीॲपेटाइट हे हाडातल्या खनिजाच्या जवळचे कॅल्शियम फॉस्फेट असून त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण १.६७ असते. कायटोसान घेताना डीॲसिटिलेशनचे, म्हणजे साखळीतले ॲसिटिल गट काढून टाकल्याचे, प्रमाण आणि रेणुभार या दोन्ही बाबी बाटलीवर किंवा सोबतच्या प्रमाणपत्रावर छापलेल्या आहेत याची खात्री करावी. ७५ ते ८५ टक्के डीॲसिटिलेशन आणि मध्यम रेणुभार यांपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

ससून डॉकवर कोलंबीच्या सालींचे ढीग पाहिले की कायटोसान घरचेच करावे असा मोह प्रत्येक तुकडीत कोणाला तरी होतो. साली आम्लात टाकून चुना काढणे, अल्कलीत उकळून प्रथिने काढणे आणि मग ४० ते ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून डीॲसिटिलेशन करणे ही पद्धत शिकण्यासारखी आहे, यात शंका नाही. तथापि प्रत्येक खेपेला रेणुभार वेगळा येतो आणि कोलंबीची ॲलर्जीकारक प्रथिने पूर्ण गेली आहेत हे सिद्ध करणे हा स्वतंत्र प्रकल्प होतो. स्कॅफोल्डसाठी तयार पावडर विकत घ्यावी. काचसामान आणि साधी रसायने प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळतात. पेशींच्या संपर्कात येणाऱ्या वस्तू मात्र बॅच क्रमांक आणि प्रमाणपत्र यांसह मागवाव्यात.

याशिवाय ॲसिटिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइड, इथेनॉल, बफर, साखळ्या एकमेकींना जोडण्यासाठी (क्रॉसलिंकिंग) जेनिपिन, आणि यंत्रांपैकी मॅग्नेटिक स्टरर, ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारा सोनिकेटर, डीप फ्रीझर आणि गोठलेल्या नमुन्यातला बर्फ निर्वातात थेट वाफ करून काढणारा फ्रीज ड्रायर लागतो. फ्रीज ड्रायर महाविद्यालयात नसेल तर तो ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून आधी दिवस ठरवून घ्यावा आणि नंतरच द्रावणे करायला घ्यावीत.

द्रावणे

कायटोसान २ ग्रॅम घेऊन ते १०० मिलिलिटर १ टक्का ॲसिटिक आम्लात रात्रभर ढवळावे. न विरघळलेले तंतू राहतातच. ते जाळीदार कापडातून गाळून काढावेत, कारण असा एक तंतूसुद्धा पुढे सूक्ष्मदर्शकाखाली भेगेसारखा दिसून दिशाभूल करतो. जिलेटिन ४ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात आधी थंडच भिजवावे आणि फुगल्यावर ४० ते ४५ अंश सेल्सियसला विरघळवावे. थेट गरम पाण्यात टाकल्यास त्याच्या गुठळ्या होतात. दोन्ही द्रावणे समान घनफळात मिसळली की कूर्चेच्या पदराचे मिश्रण तयार होते, आणि त्याच्या प्रत्येक १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम कायटोसान आणि २ ग्रॅम जिलेटिन असते.

हाडाच्या पदरासाठी याच मिश्रणात दर १०० मिलिलिटरला ३ ग्रॅम हायड्रॉक्सीॲपेटाइट घालावे, म्हणजे कोरड्या वजनात निम्मे खनिज येते. येथे दोन अडचणी आहेत. पहिली अशी की मिश्रण आम्लधर्मी असल्यामुळे खनिज त्यात हळूहळू विरघळू लागते. म्हणून पावडर अगदी शेवटी घालावी आणि मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. दुसरी अशी की हायड्रॉक्सीॲपेटाइट पाण्याच्या सुमारे तिप्पट घनतेचे असल्याने ते तळाशी बसते. पावडर थोड्या पाण्यात सोनिकेटरने सुटी करून घ्यावी, मिसळल्यावर मिश्रण ढवळत ढवळतच ३० अंशांच्या आसपास थंड होऊ द्यावे आणि जिलेटिनमुळे ते दाटसर झाले की ओतावे. खनिज बसले आहे की नाही हे वाळलेली चकती उभी कापून काळ्या कागदावर ठेवली की नुसत्या डोळ्यांनी कळते : तळाशी खडूसारखी पांढरी, हाताला ठिसूळ लागणारी कड दिसली आणि तिच्या वरचा भाग पिवळसर, स्पंजासारखा राहिला, तर तो पदर हाडाचा म्हणून धरता येत नाही.

ओतणे आणि जोड

सर्वांत नाजूक पायरी हीच आहे. खालचा पदर पातळ असतानाच वरचा ओतला तर दोन्ही मिसळतात आणि कूर्चेच्या बाजूला खनिज जाते. खालचा पदर पूर्ण गोठवून त्यावर वरचा ओतला तर बर्फाळ पृष्ठभागाला स्पर्श होताच नव्या मिश्रणाचा तळ झटकन गोठतो, तेथे अतिसूक्ष्म छिद्रांची दाट त्वचा तयार होते, आणि वाळल्यावर दोन पदर एकमेकांवर नुसते टेकलेले राहतात. चिमट्याने हलकेच ओढले तरी सुटतात. बरेच विद्यार्थी हीच दुसरी पद्धत वापरतात, कारण ओतताना ती अतिशय नीटनेटकी दिसते.

मधला मार्ग जिलेटिनच्या गुणधर्मातच आहे. साच्यात हाडाचा पदर ५ ते ६ मिलिमीटर उंचीपर्यंत ओतावा आणि साचा ४ अंशांच्या फ्रीजमध्ये सपाट ठेवावा. नुकत्याच लागलेल्या दह्यासारखा तो झाला, म्हणजे साचा तिरका केल्यावर ओघळत नाही पण काडी टेकवली तर खूण उमटते, की तो बाहेर काढावा. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमले असतील तर ते टिपकागदाच्या कडेने टिपून घ्यावेत. पावसाळ्यात फ्रीजबाहेर काढताक्षणी असे दव धरते आणि तेच पाणी पुढे जोडावर बर्फाची चकती होऊन बसते. मग कूर्चेचे मिश्रण ३० ते ३२ अंशांना, पिपेटचे टोक साच्याच्या भिंतीला टेकवून, २ ते ३ मिलिमीटर उंचीचे सावकाश सोडावे. या उबेने खालच्या पदराचा अगदी वरचा भाग किंचित सैल होतो आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकमेकींत शिरतात. साचा पुन्हा ४ अंशांना ठेवून दोन्ही पदर एकत्र लागू द्यावेत आणि त्यानंतरच गोठवण्यास घ्यावे. शरीरात कूर्चा आणि हाड यांच्या मध्ये खनिजयुक्त कूर्चेचा पातळ पट्टा असतो. आपल्या नमुन्यातला हा किंचित मिसळलेला भाग त्याची बरोबरी करत नाही, पण एका पदराचा गुणधर्म एकदम संपून दुसऱ्याचा सुरू होण्यापेक्षा तो नक्कीच बरा.

गोठवणे

छिद्रांचा आकार बर्फाचे स्फटिक ठरवतात. सावकाश गोठवले की स्फटिक मोठे होतात आणि छिद्रेही मोठी मिळतात. उणे ८० अंशांना किंवा द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवले की ती बारीक राहतात. हाडाच्या वाढीसाठी साधारणपणे १०० मायक्रोमीटरपेक्षा मोठी छिद्रे लागतात आणि रक्तवाहिन्या शिरायच्या असतील तर ३०० मायक्रोमीटरच्या वरची अधिक अनुकूल मानली जातात. म्हणून उणे २० अंशांना रात्रभर ठेवण्यापासून सुरुवात करावी. साच्याचा तळ धातूचा आणि बाजूंना थर्माकोलचे वेष्टण असे ठेवल्यास थंडी खालून वर चढते, स्फटिक उभे वाढतात आणि छिद्रे जोड ओलांडून एका पदरातून दुसऱ्यात सलग जातात. हे वेष्टण फुकट मिळते आणि त्याचा फरक मोठा पडतो.

घरगुती फ्रॉस्ट फ्री फ्रीझर वापरू नये. त्यात बर्फ धरू नये म्हणून तापमान ठरावीक वेळाने वर जाते आणि परत खाली येते. त्या चढउतारात बारीक स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांना जाऊन मिळतात आणि एकाच चकतीत छिद्रांचे आकार विस्कळीत होतात.

वाळवणे आणि मुंबईची हवा

फ्रीझरपासून फ्रीज ड्रायरपर्यंतचे अंतर नमुन्याने अंशभरही न वितळता पार केले पाहिजे, म्हणून साचे थंड डब्यातून न्यावेत आणि यंत्रातला वाफ गोठवून धरणारा कंडेन्सर उणे ५० अंशांच्या खाली गेल्याखेरीज झाकण उघडू नये. दाब ०.१ मिलिबारच्या खाली ठेवून २४ ते ४८ तास वाळवणे पुरते. चकतीचा मधला भाग स्पर्शाला गार लागला तर आत अजून बर्फ आहे असे समजावे.

जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. नुकत्याच वाळलेल्या स्पंजात कायटोसान हे ॲसिटेट क्षाराच्या रूपात असते आणि ते पाणी फार लवकर ओढते. टेबलावर उघडी राहिलेली चकती आधी मऊ पडते, मग तिची कड आत वळते आणि शेवटी ती चिवट, अर्धपारदर्शक होऊन बसते. पुन्हा वाळवून बसलेली छिद्रे परत येत नाहीत. यासाठी डेसिकेटर, म्हणजे नमुने कोरडे ठेवणारे बंद भांडे, यंत्राच्या शेजारी आणून ठेवावा, सिलिका जेल निळे किंवा नारिंगी, म्हणजे कोरडे, असल्याचे आधी पाहावे, आणि नमुने वजन करायचे असतील तर एका वेळी एकच बाहेर काढावा. शक्य असल्यास व्हॅक्यूम तोडताना यंत्रात बाहेरच्या हवेऐवजी कोरडा नायट्रोजन सोडावा.

आम्ल काढणे आणि जोडणी पक्की करणे

वाळलेला स्पंज सरळ पाण्यात टाकल्यास तो विरघळू लागतो. प्रथम ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये केलेल्या ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तो तासभर बुडवावा आणि नंतर इथेनॉल व पाण्याच्या मिश्रणाने, लिटमस उदासीन दाखवेपर्यंत, धुवावा. त्यानंतर ७० टक्के इथेनॉलमध्ये ०.५ टक्के जेनिपिन घेऊन वातानुकूलित खोलीत २४ तास ठेवावे. इथेनॉलमुळे जिलेटिन बाहेर झिरपत नाही. जेनिपिन गार्डेनियाच्या फळांपासून मिळते, ग्लुटारल्डिहाइडपेक्षा पेशींना पुष्कळ कमी विषारी आहे, आणि अमिनो गटांशी जोडणी होत गेली की नमुना निळा होत जातो. चकती कापून पाहावी : कडा गडद निळ्या आणि गाभा फिकट असेल तर जेनिपिन आत पोहोचलेले नाही. धुऊन झाल्यावर दुसऱ्यांदा गोठवून वाळवावे लागते, आणि हे दुसरे गोठवणेही पहिल्याच तापमानाला करावे, कारण छिद्रे या वेळीही बदलतात.

तपासण्या

छेद घेण्यासाठी नमुना द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून नव्या ब्लेडने तोडावा. मऊ अवस्थेत कापल्यास छिद्रांच्या भिंती चेपतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खोटा घट्ट पृष्ठभाग दिसतो. सोन्याचा मुलामा देऊन पाहताना सर्वप्रथम जोडाचे चित्र घ्यावे. तेथे सलग दाट रेघ दिसली तर ओतण्याची पायरी पुन्हा करावी, पुढच्या तपासण्यांवर पैसे घालवू नयेत. सच्छिद्रता इथेनॉल विस्थापनाने मोजता येते. हे काम सरळ आहे.

फुगण्याची चाचणी मात्र नेहमीप्रमाणे दोन पदर वेगळे करून घेऊ नये. अखंड चकती ३७ अंशांच्या बफरमध्ये सोडून बाजूने छायाचित्रे घ्यावीत. खनिज नसलेला वरचा पदर जास्त फुगतो, खालचा कमी, आणि चकती वरच्या बाजूला घुमटासारखी उचलली जाते. सांध्यात असा फुगवटा शेजारच्या निरोगी कूर्चेच्या पातळीच्या वर येईल आणि समोरच्या हाडाखाली घासला जाईल. वरच्या पदराची जाडी कमी करणे किंवा त्यातले कायटोसान थोडे वाढवणे हे दोन उपाय आधी करून पाहावेत.

दाबाची चाचणी ओल्या नमुन्यावरच करावी. कोरड्या स्पंजाचे आकडे प्रबंधात भारदस्त दिसतात, पण सांधा कोरडा नसतो. ओला कायटोसान-जिलेटिन स्पंज बहुधा काही दहा किलोपास्कलच्या घरात राहतो, तर निरोगी कूर्चेचा मापांक, म्हणजे दाबाला होणारा विरोध, ०.५ ते १ मेगापास्कलच्या आसपास असतो. म्हणजे हे स्कॅफोल्ड स्वतः भार पेलणारे नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे. जोडाची ताकद मोजण्यासाठी दोन्ही पदर धातूच्या चकत्यांना चिकटवून ताणावेत आणि नमुना नेमका कोठे तुटला हे आकड्याइतक्याच काळजीने नोंदवावे : पदरात तुटला तर जोड चांगला आहे.

पेशींवरची चाचणी आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या जैविक तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेच्या पाचव्या भागानुसार करावी. त्यात नमुन्याच्या अर्कामध्ये जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेल्यास पदार्थ पेशींना विषारी धरला जातो. येथे रंगांचे तीन सापळे आहेत. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळे फॉर्मॅझॅन करतात आणि त्यावरून पेशी मोजतात; जेनिपिनचा निळा रंग तिच्या ५७० नॅनोमीटरच्या वाचनात मिसळतो, म्हणून विरघळलेला फॉर्मॅझॅन दुसऱ्या प्लेटमध्ये काढून वाचावा. कॅल्शियम दाखवणारे रंगद्रव्य ॲलिझरिन रेड हाडाच्या पदरातल्या मूळ हायड्रॉक्सीॲपेटाइटलाच रंगवते. पेशींनी नवे खनिज घडवले असा निष्कर्ष त्यावरून काढणे चूक आहे. कूर्चेतील शर्करा मोजणाऱ्या रंगद्रव्याच्या चाचणीत धनभारित कायटोसान अडथळा आणते. तिन्ही ठिकाणी पेशी न टाकलेले स्कॅफोल्ड तितकेच दिवस त्याच माध्यमात ठेवून तुलनेला घेतले नाही, तर निकालाला अर्थ राहत नाही.

कूर्चापेशी सपाट डिशमध्ये वाढवल्या की त्या आपला स्वभाव सोडतात आणि दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनऐवजी पहिल्या प्रकारचे बनवू लागतात. त्यामुळे त्या एका डिशमधून दुसरीत थोड्याच वेळा हलवून लवकर स्कॅफोल्डमध्ये न्याव्यात. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या मानवी ऊतीतून पेशी घ्यायच्या असतील तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती आधी हवी. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी हवी.

निर्जंतुकीकरण

दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जिलेटिन वितळते. इथेनॉल आणि अतिनील प्रकाश पेशींच्या प्राथमिक चाचणीपुरते चालतात, पण अतिनील किरण स्पंजाच्या आतपर्यंत पोहोचत नाहीत. मुंबईत या बाबतीत एक सोय आहे : ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला आयसोमेड हा गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारा प्रकल्प १९७४ पासून आहे, आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी दान केलेले हाड वाळवून गॅमा किरणांनीच निर्जंतुक करते. प्रचलित मात्रा २५ किलोग्रे असते. या मात्रेने कायटोसानच्या साखळ्या तुटतात आणि स्पंज दुबळा होतो, म्हणून दाबाची आणि जोडाची चाचणी किरण दिल्यानंतरच्या नमुन्यांवर पुन्हा करावी.

बोकडाच्या गुडघ्यावर सराव

शेवटचा टप्पा यांत्रिक आहे आणि त्याला जिवंत प्राणी लागत नाही. खाटिकाकडून त्याच दिवशी कापलेल्या बोकडाचा अखंड गुडघा मागून घ्यावा. सांध्यावरचे आवरण न फाडता द्या असे आधीच सांगावे लागते, नाहीतर सवयीने त्याचे तुकडे होतात. बोकडाची कूर्चा माणसापेक्षा पातळ असते, त्यामुळे या सरावासाठी वरचा पदर मुद्दाम पातळ ओतलेले नमुने वेगळे करून ठेवावेत. मांडीच्या हाडाच्या टोकावर, खारट द्रावणाची धार सोडत, ६ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडावे. कोरडे ड्रिल केल्यास कडेच्या पेशी उष्णतेने मरतात, आणि हा हात आत्ताच बसलेला बरा. स्कॅफोल्ड छिद्रापेक्षा किंचित रुंद कापून ओलसर अवस्थेत बोटाने दाबून बसवावे आणि त्याचा माथा शेजारच्या कूर्चेच्या पातळीत किंवा केसभर खाली राहील असे पाहावे. सांधा बंद करून हाताने पुष्कळ वेळा वाकवावा व सरळ करावा. मग तो उघडून खालील क्रमाने पाहावे : नमुना जागेवर आहे का, माथा फाटला आहे का, आणि छिद्राच्या मधोमध करवतीने उभा छेद घेतल्यावर निळा वरचा पदर खालच्या फिकट पदराला संपूर्ण रुंदीभर धरून आहे का. छेदाचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून, पृष्ठभाग ओला असतानाच घ्यावे. वाळल्यावर पदर आकसतात आणि आधी नसलेली फट जोडावर दिसू लागते.